पंच्याहत्तरीचं आमंत्रण

"निमंत्रक म्हणून तुझं एकटीचंच नाव कशाला?" धाकटा फोनवर म्हणाला. "आई माझीही आहे."

ताईनं माउस टेबलावर आपटला. आईच्या पंच्याहत्तरीच्या आमंत्रणाचा हा सहावा मसुदा होता. पहिल्यातला फोटो भावजयीला आवडला नाही. दुसऱ्याचा करडा रंग तिला सुतकी वाटला. मधल्या तीन मसुद्यांत अक्षरांवरून रामायण झालं. आठवडाभर हेच चाललं होतं आणि आज रविवारची अख्खी सकाळही त्यात गेली. ताईच्या नवऱ्यानं वाऱ्याची दिशा ओळखली आणि तो गाडी धुवायला खाली गेला. गाडी त्यानं कालच धुतली होती.

"तुझी आहे, माहितीये मला," ती म्हणाली. "वर्षातले चार दिवस. बाकीचे तीनशे एकसष्ट मी बघते."

"झालं तुझं सुरू."

"सुरू कसलं? अकरा वर्षं चालूच आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनला कोण होतं? रोज सकाळी रक्तदाब कोण मोजतं? तिच्या पायी मी बढती सोडली, ते तुला ठाऊक तरी आहे का?"

"मी येणारच होतो ऑपरेशनला. नेमकी बदली झाली."

"तू कायम येणारच असतोस."

दोन्ही हात कीबोर्डवर हवेत म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला होता. आई तिथेच होती. खिडकीपाशी बसून पेन्सिलीनं शब्दकोडं सोडवत होती. तिनं मान वर केली नाही.

"बरं, मजकूर तरी बदल," धाकटा म्हणाला. "'आम्ही दोघा भावंडांनी आईला तळहाताच्या फोडासारखं जपलं', असं काहीतरी लिही."

"लिहिते की. खोटं छापायलाही शाई तेवढीच लागते."

"जिभेला काही हाड?"

"ते तुझ्या वाट्याला आलं. सगळ्या चांगल्या गोष्टी तुझ्याच वाट्याला येतात."

त्यानं फोन ठेवून दिला. ताईनं आधीची ओळ पुसून लिहिलं, 'लेकीनं जपलेल्या आईची पंच्याहत्तरी.' धाकट्याचं नाव तळाशी घातलं आणि आकार इतका लहान केला, की वाचायला भिंग लागावं.

"ताई," आईनं विचारलं, "जाड झालेलं अक्षर पुन्हा बारीक करायला कुठे दाबायचं गं?"

"आई, आत्ता नको. माझं डोकं ठणकतंय."

"बरं. आणि मी काय म्हणत होते, हॉल वगैरे कशाला? माझ्या मनात..."

"तुला काही करायचं नाहीये. सगळं मीच बघणार आहे. तू फक्त खुर्चीत बसायचं आणि हसायचं."

"बरं," आई म्हणाली आणि तिनं शब्दकोड्यात एक शब्द भरला.

प्रिंटरनं पहिला कागद बाहेर टाकला. फोटोतल्या आईच्या कपाळावरून पांढरे पट्टे गेले होते. शाई संपत आली होती.

"महिन्यापूर्वी तर भरली होती," ताई कडाडली. "या माणसानं पुन्हा ऑफिसचे कागद घरी छापले. घरात एक वस्तू धड राहील तर शपथ."

नवरा खाली असल्यामुळे वाचला. ताईनं कपाटातली राखीव शाई काढली, बोटं काळी करून घेतली आणि वीस आमंत्रणं छापली. ती नीट कापली, दुमडली, पाकिटांत घातली. रागात तिचे हात फार सफाईनं चालत.

पहिलं आमंत्रण पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंना द्यायचं होतं. तीस वर्षं इस्पितळात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, एकट्या राहत होत्या आणि आईची दुपार त्यांच्याकडेच जायची. ताई दोन मजले तावातावानं उतरली.

नर्सबाईंनी दार अर्धंच उघडलं. "तू होय? आई बरी आहे ना?"

"तिला काय झालंय, मावशी? तिच्या पंच्याहत्तरीचं आमंत्रण द्यायला आले. हॉल घेतलाय, संध्याकाळी सहाला. स्वतः केलंय हं, कॉम्प्युटरवर."

नर्सबाईंनी पाकीट घेतलं. मग बाजूला झाल्या. "ये. बस. चष्मा शोधते," असं म्हणून आत गेल्या.

ताई बसली नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता.

"मावशी, तुम्हीच सांगा," ती आतल्या खोलीकडे बघून मोठ्यानं म्हणाली. "अकरा वर्षं सगळं मी केलं. आजारपणं मी काढली. आणि नाव मात्र दोघांचं हवं म्हणे."

आतून ड्रॉवर उघडल्या-मिटल्याचा आवाज येत राहिला.

ताईनं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या फ्रीजवर चुंबकानं एक कागद लावला होता. वरती आईचा फोटो होता, जरासा तिरका बसलेला. खाली तीन तऱ्हांची अक्षरं. काही ओळी उगाचच जाड होत्या. ताई जवळ गेली.

'पंधरा तारखेला मला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतात. त्याच दिवशी मी माझ्या मैत्रिणीकडे कायमची राहायला जाते आहे. कुणी कुणासाठी किती केलं, हे उरलेल्या दिवसांत ऐकायचं नाही असं मी ठरवलं आहे. सकाळी अकराला चहाला जरूर या. पत्ता: आपलीच इमारत, पहिला मजला, डावीकडचं दार.'

ताई त्याच दाराच्या आत उभी होती. कागदावर अजून एक ओळ होती.

'ता. क. मुलांना अजून सांगितलेलं नाही. ती दोघं सध्या माझ्या आमंत्रणावरून भांडत आहेत.'