नववं पोस्टकार्ड

पोस्टकार्डाचा उजवा कोपरा जेमतेम मिलिमीटरभर झिजला होता. शरयूबाईंनी भिंग खाली ठेवलं. अमेरिकेतल्या एका गावच्या जुन्या बेसबॉल संघातल्या एकेका खेळाडूचा फोटो असलेली अशी आठ कार्डं समोर बसलेल्या सरंजाम्यांच्या अल्बममध्ये होती. हा नववा खेळाडू मात्र शरयूबाईंकडे.

“नऊ कार्डांचा संच परवा लिलावात सहा लाखांना गेला,” चहात बिस्किट बुडवत सरंजामे म्हणाले. “आता तरी विका की मला! दर रविवारी येऊन चपला फाटल्या माझ्या.”

“मग चपलांचा लिलाव करा.”

ते खळखळून हसले. शरयूबाई हसल्या नाहीत. दोघंही एकटे, पण कार्ड मिळाल्यावर हे इथे कशाला येतील? म्हणूनच त्या इतकी वर्षं टाळत आल्या होत्या.

त्यांनी कार्ड पुढे सरकवलं.

“घ्या. पण अल्बम या घरात राहील,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्हीसुद्धा.”