धरणारी आणि सुटणारी

"आई, तुझंच खरं निघालं."

जयमालाने पुण्याहून आणलेला फोटो पुढे केला. गीताबाई भाकरीचं पीठ मळत होती. हात पदराला पुसून तिने फोटो दाराच्या उजेडात धरला. काळ्या कागदावर पांढऱ्या आडव्या रेघा. बाकी काही नाही.

खर्ड्याच्या ओढ्यातल्या गोगलगायी दोन जातींच्या आहेत, हे गीताबाईने मागल्या उन्हाळ्यात, सत्त्याण्णव साली, लेकीला सांगितलं होतं. शंख अगदी सारखे. पण बोट लावलं की एक दगडाला घट्ट धरते, दुसरी सुटून तळाला जाते. सुटणाऱ्या जिथं जास्त, तिथलं पाणी प्यायलेल्या शेळ्यांच्या जबड्याखाली सूज येते. तिच्या तीन शेळ्या त्या सुजेनेच गेल्या होत्या. जयमालाने हे पुण्यात ती काम करते त्या प्रयोगशाळेत सांगितलं तेव्हा तिथले सर हसले होते. पुस्तकात एकच जात होती.

"ह्या रेघा कशाच्या गं?"

"डीएनएच्या. गोगलगायीच्या मांसाचा एवढासा तुकडा घेतला की त्यातून काढता येतो. शंख फसवतो, हा फसवत नाही. ही ओळ धरणारीची, ही सुटणारीची. बघ, जुळतात का?"

गीताबाईने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. "न्हाई जुळत."

"आणि सुटणारीच्या पोटात बारीक किडे सापडले. आपल्या शेळीच्या काळजात चपटे किडे निघाले होते ना? त्यांचीच पिल्लं ती. त्यांच्या रेघा तंतोतंत जुळल्या. खालच्या डोहात सुटणाऱ्याच जास्त आहेत, आता तिथं शेळ्या नेऊ नकोस. आणि आई, सर यावर लेख छापणार आहेत, त्यात तुझंही नाव येणार आहे."

आठ महिने जयमालाने हे सांगायची वाट पाहिली होती. एस.टी.त बसल्यापासून मनात घोळवत आली होती.

गीताबाईने फोटो भिंतीवरच्या तसबिरीमागे जपून खोचला.

"दोन हायेत, हे मला ठावंच हुतं," ती म्हणाली. "तू किती दिस हायेस, ते सांग."

"चारची गाडी आहे. उद्या काम आहे गं."

"व्हय," म्हणून गीताबाई परातीपाशी बसली. दोनदा पीठ दाबलं, तिसऱ्यांदा हात तसाच राहिला.

"जये, तिसरी बी एक हाय."

"तिसरी? मागं तर काही बोलली नाहीस!"

"सकाळच्या कवळ्या उन्हात तेवढी वर येती. दिस चढला की गावत न्हाई." बोलताना तिने मान वर केली नाही.

जयमालाने घड्याळ पाहिलं. आईच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग पिशवीतून एक रिकामी कुपी काढली आणि तिच्या चिठ्ठीवर उद्याची तारीख घातली.