दलसिंगची झेंडी

नवापूरच्या रानातल्या माझ्या स्टेशनावर दलसिंग सागवानाच्या मालगाडीचे डबे जोडायचा. गोऱ्या साहेबासमोर कामाबद्दल चार वाक्यं इंग्रजीत बोलला, तर त्याला झेंडी दाखवायचं बिनधोक काम मिळणार होतं. दुपारची गाडी गेली की मी शिकवायचो, “धिस इज अ फ्लॅग. दॅट इज द सिग्नल.” माझ्यापुढे म्हणताना तो ‘अ’ आणि ‘द’ हटकून गाळायचा. दोनदा साहेब आले. मी त्याला पुढे केलं नाही. म्हटलं, पक्कं होऊ दे. काल तो दोन डब्यांमध्ये चिरडला गेला. आज त्याची बायको रूपलीबाई आली. मातीत त्याच्याजवळ ठेवायला तिला झेंडी हवी होती. मी दिली. ती झेंडीकडे, मग सिग्नलकडे बघत म्हणाली, “धिस इज अ फ्लॅग. दॅट इज द सिग्नल. घरमा तो असंच म्हने. यामा काय चुके, मास्तर?”