पगारी माणूस

मनोजने दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला. त्याचे वडील पंजाबराव खाली सतरंजीवर बसून एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला तेल चोळत होते. म्हातारा पलंगावर टेकून संत्र्याच्या फोडी खात होता.

"हळू हो पंजाबराव. कालच्या चोळण्यानंच अजून ठणकतोय."

"चूप बसा पंत. ठणकते म्हंजे तेल लागून राह्यलं."

मनोजने तो चेहरा कधी पाहिला नव्हता, पण आवाज लगेच ओळखला. रोज संध्याकाळी पुण्यात फोनवर हाच आवाज यायचा. "बाबांनी गोळी घेतली, फिरून आले, काळजी नसावी." हेच ते मोरोपंत. वडिलांची देखभाल करायला मनोज ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार पाठवत होता, ते.

आई गेल्यापासून पंजाबराव अमरावतीच्या घरात एकटे होते. उभा जन्म भाजीबाजारात आरडाओरडा करत काढलेला माणूस दिवसदिवस बोलेनासा झाला. पुण्याचं नाव काढलं की म्हणायचे, "तिथं मले कोन ओळखते?" मग एकदा ते न्हाणीघरात पडले. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा सापडले. त्या दिवसापासून मनोजला धड झोप नव्हती.

त्याने एजन्सीतून माणूस ठेवला. तो दिवसभर मोबाइल बघायचा. पंजाबरावांनी त्याला घालवून दिलं. दुसरा कामाला चांगला होता, पण त्याने वरणभात कालवून घास पुढे केला. "मी का लहान लेकरू हावो?" असं ओरडत पंजाबराव काठी घेऊन फाटकापर्यंत त्याच्यामागे धावले. त्यांना भरभर चालायलाही मनाई आहे, हे धावताना दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. त्यानंतर त्यांनीच फोन केला. "तू नको पाहू आता. मीच पाह्यला एक मानूस. इमानदार हाय."

आज मित्राच्या लग्नासाठी मनोज अकोल्याला आला होता. मांडवातून निघाला आणि न कळवता थेट इथे पोचला.

"बाबा, हे काय चाललंय?"

दोघांपैकी एकही दचकला नाही. "आला का?" पंजाबराव म्हणाले. "जेवला?"

मोरोपंत उठायला लागले. त्यांना वेळ लागला. अखेर पंजाबरावांनीच हात देऊन त्यांना उभं केलं.

"नमस्कार. बसा ना," मोरोपंत म्हणाले. जणू मनोजच परक्याच्या घरी आला होता.

"तुमचं वय काय?"

"श्रावणात सत्त्याहत्तर पूर्ण होतील."

"म्हणजे तुम्ही बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे आहात!"

"दीड," पंजाबरावांनी दुरुस्ती केली.

वडिलांची दाढी गुळगुळीत होती. सदऱ्याला इस्त्री होती. गालही भरले होते. मनोजला हे दिसत होतं, पण त्याचा पारा चढला होता. रागावला की त्याची पुण्याची भाषा गळून पडायची.

"मी तिकडून पैसे पाठवून राह्यलो तुमची सेवा व्हावी म्हून, अन् तुमी यांचेच पाय दाबून राह्यले? काहून?"

"पाय नाई. गुडघा."

"मनोजराव," मोरोपंत मध्ये पडले, "मी जन्मभर वकिली केली. दुसऱ्या पक्षाचं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये."

"निकाल झाला. आजपासून तुमचं काम बंद. बाबा, सामान बांधा. सकाळी पुण्याला निघायचं."

बाहेर मटारवाला ओरडत गेला. एरवी पंजाबरावांनी खिडकीतून भाव विचारलाच असता. ते तेलाच्या बाटलीचं झाकण लावत बसले.

मोरोपंतांनी सदऱ्याची बटणं लावली, चष्मा पुसला. ते रागावलेले दिसत नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले. "संध्याकाळची गोळी जेवणाआधी द्या. दोडक्याची भाजी यांना आवडत नाही, असं ते म्हणतील. ते खोटं आहे. मीठ कमी म्हणून रुसतात. थोडा वेळ एकटं बोलू द्यायचं, मग खातात."

भिंतीला हात लावत ते दाराकडे निघाले. त्यांची पाठ पाहून मनोजला कसंसंच झालं. म्हाताऱ्या माणसाला असं तोडून बोलायला नको होतं. पण म्हाताऱ्या माणसाने म्हाताऱ्याला सांभाळायचा पगार तरी का घ्यावा?

तेवढ्यात पंजाबराव उठले. त्यांनी डोक्यावर टोपी घातली. स्वयंपाकघरातून भाजीचा डबा आणला, तो पिशवीत टाकला. वर एक धुतलेलं धोतर ठेवलं. मग कोपऱ्यातल्या वहाणा पायांत सरकवल्या.

"तुमी कुठं चालले?" मनोजने विचारलं.

"डुटीवर."

"कसली ड्युटी?"

पंजाबरावांनी दाराशी थांबलेल्या मोरोपंतांचा दंड धरला. "पंताचा पोरगा हैदराबादले हाय. त्यालेबी बापाची कायजी वाटे. म्हून त्यानं पंतासाठी रातचा मानूस ठेवला. झोपाले तिथंच, पगार महिन्याचा. तो मानूस मी."

मनोज दोघांच्या मागोमाग दारापर्यंत आला.

"पायरी पाहा पंत, उजवा पाय पयले," पंजाबराव म्हणाले, आणि मान वळवून लेकाकडे पाहिलं. "तू पंताले काढलं, बाप्पा. पंताच्या पोरानं मले अजून काढलं नाई."