खायची माळ

ओट्यावर पोरं ओळीनं बसली होती आणि एकेकाच्या गळ्यात मोहाच्या ताज्या फुलांची माळ होती. अंगणवाडीची सेविका स्वाती मोबाइल धरून समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "हं, आता खा."

एकाचाही हात हलला नाही.

तोवर सगळं कसं छान चाललं होतं. 'खाऊचे दागिने' करतानाचा व्हिडिओ आजच्या आज पाठवा, मुलं हसतखेळत खाताना दिसली पाहिजेत, असा वरून निरोप होता. बाकीच्या सेविकांनी मुरमुरे नाहीतर मक्याच्या लाह्या आणल्या असणार. स्वातीला अंगणातच मोहाचा सडा दिसला. मोहाच्या फुलाला सुईसुद्धा लागत नाही. मुळातच पोकळ, दोरा आरपार जातो. पोरांनी फुलं वेचली, धुतली, ओवली. नाकाचा शेंबूड ओठावर आला तरी पुसायला कुणाला सवड नव्हती. चार वर्षांच्या बुधरीनं तर चुरगळलेलं एकही फूल माळेत घेतलं नाही.

मदतनीस नीलाबाई याच गावची. ती दारातूनच म्हणाली, "बाई, आमचा पंडुम नाई झाला अजून. पोट्टे नाई खानार. त्याईले वाटलं, माळा देवाच्या हायेत."

नवं पीक, नवं फळ, नवं फूल आधी देवाला दाखवायचं आणि मगच तोंडात घालायचं, तो सण म्हणजे पंडुम. मोह वेचायला मनाई नाही, चाखायला आहे. दोन वर्षं या गावात काढलेल्या स्वातीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गणपतीत नैवेद्याआधी मोदक उचलला म्हणून तिनं माहेरी आरमोरीला सख्ख्या भाच्याच्या हातावर चापट मारली होती. पण आपला तो नैवेद्य आणि दुसऱ्याचं ते खूळ, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

शिवाय मागच्या मीटिंगमध्ये पर्यवेक्षिका मॅडमनी तिच्या अंगणवाडीचे फोटो सगळ्यांसमोर दाखवून विचारलं होतं, पोरांना काय मयताला बसवलंय का? सगळ्या जणी खो खो हसल्या होत्या. ते हसणं तिच्या कानातून अजून गेलं नव्हतं. आज पोरं खाणार होती, मग आभाळ कोसळलं तरी चालेल.

एक फूल खाल्ल्यानं कुणाचा देव रुसत नाही, असं तिनं नीलाबाईला ऐकवलं. नीलाबाई खिचडी बघायला आत गेली. खिचडी केव्हाचीच शिजली होती.

स्वातीनं आधी लाडीगोडी लावली. स्वतः एक फूल खाऊन दाखवलं, बिस्किटाचं आमिष दाखवलं. पोरं माळा मुठीत धरून बसून राहिली. मग तिनं बुधरीला पुढं ओढलं. सगळ्यांत गोजिरी तीच, व्हिडिओत बरी दिसली असती.

"काऊन नाई खात वं? तुयाच माळेचं हाय."

बुधरीला मराठी जेमतेम. तिनं जंगलाकडे बोट केलं. "माय तिकडं."

स्वातीला काही कळेना. शेवटी सगळ्यांत मोठ्या मयुरीनं उलगडून सांगितलं. पंडुमआधी खाल्लं तर घरच्या माणसाला वाघ नेतो असं बुधरीची आजी सांगते, आणि बुधरीची माय आत्ता जंगलात मोह वेचून राह्यली. वाघ काही आजीच्या गोष्टीतला नव्हता. पलीकडच्या गावची एक बाई गेल्याच आठवड्यात मोह वेचताना वाघाच्या तोंडी गेली होती, आणि तिच्या मातीला यातली बरीच पोरं आयांच्या कडेवर बसून जाऊन आली होती.

स्वातीनं कपाळावर हात मारून घेतला. मोबाइल माठाला टेकवून उभा केला. बुधरीच्या माळेतलं एक फूल हिसकलं, तशी माळ तुटली. एका हातानं गाल दाबून तिचं तोंड उघडलं, फूल आत सारलं आणि वर तळहात दाबून धरला.

"चाव. गोड हाय का नाई?"

बुधरी चावू लागली तेव्हा स्वातीनं हात काढला. बुधरीनं चावून गिळलं. रडली मात्र नाही. शेजारची पोरं तिच्यापासून हळूच सरकून बसली.

स्वातीनं आपला हात दिसणार नाही एवढाच तुकडा व्हिडिओतून कापून घेतला. त्यात नुसते बुधरीचे हलणारे गाल होते. त्यावर एक उडतं बालगीत चढवलं आणि ग्रुपवर पाठवून दिलं. थोड्याच वेळात मॅडमचा निरोप आला, किती आवडीनं खातेय पोरगी, याला म्हणतात काम. खाली इतर सेविकांच्या टाळ्यांची रांग लागली. स्वातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तिनं व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला, गाण्यासकट.

नीलाबाईनं खिचडी वाढायला घेतली तेव्हा बुधरी जागेवर नव्हती. स्वाती तिला शोधत अंगणवाडीच्या मागं गेली. पोरगी नळापाशी वाकलेली होती आणि बोटं पार घशात घातलेली होती. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, फ्रॉक पुढून भिजला होता. स्वाती खेकसणार, तोच बुधरीनं तिला पाहिलं आणि धावत आली. तिच्या चेहऱ्यावर आता भीतीचा लवलेश नव्हता. तिनं मूठ उघडली. तळव्यावर चावलेल्या फुलाचा चिकट लगदा होता. दुसऱ्या हातानं तिनं तुटलेली माळ पुढं केली.

"बाई, ओवून दे," ती म्हणाली. "नाई खाल्ली."