सापडलेली वस्तू

जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीच्या कॉम्प्युटरांसाठी कोणतं सुरक्षा सॉफ्टवेअर घ्यायचं, हे ठरत नव्हतं. तिसरं सॉफ्टवेअर विकायला आलेल्या अरुंधती मॅडम चहाआधीच म्हणाल्या, “सकाळी मी मुद्दाम तुमच्या फाटकाबाहेर पेनड्राइव्ह टाकला होता. तो कुणीतरी कॉम्प्युटरला लावलाय, माझ्या लॅपटॉपवर तसा इशारा आलाय. मी चोर असते, तर तुमच्या वाणांची गुपितं माझ्याकडे असती.” मी ताडकन उठलो. “कोण तो? आजच घरी बसवतो त्याला.” मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर माझ्याच केबिनमधल्या कॉम्प्युटरचं नाव होतं. धावत गेलो, तर माझ्या खुर्चीत माझे वडील, बाबूजी बसलेले. “फाटकाबाहेर सापडला,” ते म्हणाले. “कोणाचा हाय, बघून राह्यलो. परत द्यायला पाहिजे ना.” माझ्यामागून आलेल्या मॅडम हळूच म्हणाल्या, “माझाय.” बाबूजींनी पेनड्राइव्ह काढून रुमालानं पुसला, त्यांच्या हातात दिला. “जपत जा, बेटा. कोणाच्याबी हाती लागला असता.”