समुद्रावर बोटी असताना

समुद्र खवळणार असल्याचा निरोप येताच फिलोमिना चर्चमागच्या मच्छीमार रेडिओकेंद्रात धावली. प्रक्षेपण ज्यावरून चालायचं तो संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यासमोर तिचा दीर सिल्वेस्टर ओशाळून उभा होता. "वहिनी, नवी सिस्टीम टाकली, तर ती चालेना आणि जुनीही गायब झाली." "बूट रेकॉर्डची प्रत काढली होतीस?" "ती कशाला?" "गाढवा, संगणकाने कुठून सुरू व्हायचं ते त्यातच असतं! तिकडे समुद्रात तुझा भाऊ जाळं टाकून बसलाय!" तिने स्वतः जपलेली प्रत पेनड्राइव्हवरून परत बसवली. संगणक सुरू झाला. रेडिओवरून बोटींना त्यांच्याच मलयाळम भाषेत इशारा गेला. दुपारपर्यंत नवऱ्यासकट सगळे किनाऱ्याला लागले. "आले ना सगळे? मग अजून का धुमसतेस?" सिल्वेस्टर हसला. तिने संगणकाला नवा पासवर्ड घातला. "कोणता ठेवलास, वहिनी?" "आत्ता विचारतोस? सकाळी विचारायचं होतंस!"